‘आठवा तास’चा शेवटचा भाग

३ मार्च, सोमवार

शेवटच्या भागाची गोष्ट सापडली एकदाची! गेला आठवडाभर लेखकांच्या खोलीत आम्ही गार झालेला पिझ्झा चघळत एकमेकांची तोंडं बघत होतो. लेनीचं एकच पालुपद, शाळेतला डान्स दाखवू. नव्वदच्या दशकातल्या पोरांची मालिका म्हटली की शेवटी डान्स. सगळेच दाखवतात. मी म्हटलं, थांबा, आमच्या इरी गावातल्या शाळेत काय झालं होतं ते ऐका. आणि रोंडाच्या कॅसेटची गोष्ट सांगितली.

अकरावीत असताना रोंडा एका शुक्रवारी माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या बसने येणारा डग नावाचा मुलगा तिला आवडायचा. त्याच्यावर तिने एक गाणं रचलं होतं, ते मला म्हणून दाखवलं. टेपरेकॉर्डर चालू होता. पुढच्या आठवड्यात ती कॅसेट शाळेच्या स्पीकरवरून वाजली, आठव्या तासाला, सगळ्या वर्गांत एकदम.

‘डग रे डग, शेजारी बसू देशील का?
बस जरा कलली तर मला सावरशील का?’

रोंडा तेव्हा चांगलीच जाड होती, हे वेगळं सांगायला नको.

खोलीतले सगळे हसून लोळले. लेनी तेवढा हसला नाही. म्हणाला, “मग पुढे काय झालं त्या मुलीचं?”

“काय होणार? हसली तीपण.”

“कॅसेट लावली कुणी?”

“लावली कुणीतरी. शाळा आहे, कुणीही लावतं.”

लेनी आता साठीला आलाय. त्याला प्रत्येक विनोदाखाली प्रेत दिसतं.

आमच्या भागाचा शेवट मी गोड केलाय. गाणं वाजतं, सगळे हसतात, आणि मग डग पेनीच्या, म्हणजे आमच्या मालिकेतल्या रोंडाच्या, वर्गात येऊन म्हणतो, “बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी आहे.” लोक रडतील.

५ मार्च, बुधवार

ग्रेसनबरोबर जेवण. चॅनेलचा माणूस, वय तेहतीस, दात फार पांढरे. तो वाईट बातमी नेहमी सॅलड खाताना देतो.

दुसरा सीझन मिळणार की नाही, ते मे महिन्यात ठरेल. शेवटच्या भागावर सगळं आहे. मग म्हणाला, “लोकांना पेनी आवडते, मार्सी. पेनी पडद्यावर आली की कुणी उठत नाही.”

“आणि केट?”

केट म्हणजे मी. म्हणजे हुशार, बोलकी, सगळ्यांना सांभाळून घेणारी. मालिका तिच्याच तोंडून सांगितली जाते.

“केट लोकांना जराशी... कोरडी वाटते.”

मी हसले. तीस वर्षं झाली. स्वतःच्या आयुष्यावर स्वतः मालिका लिहिली, तरी लोकांना जाडी मैत्रीणच हवी!

दुसरं म्हणजे पेनीचं काम करणारी ज्युनी. “मुलगी बारीक होत चाललीय,” ग्रेसन म्हणाला. “दुसऱ्या भागातली बघ आणि आत्ताची बघ. बारीक मुलगी ते गाणं म्हणाली तर त्यात विनोद कुठे उरला?” बरोबरच आहे त्याचं. मी म्हटलं, बघते.

९ मार्च, रविवार

ज्युनी आणि तिची आई ग्रासिएला, दोघींना घरी बोलावलं. ऑफिसात बोलावलं की माणसं घाबरतात. मी असल्या बाबतीत फार जपून वागते. लिंबाचं सरबत केलं, बागेत बसलो.

ज्युनी पंधरा वर्षांची आहे. गुणी पोर. मी म्हटलं, “ज्युनी, तू सुंदर दिसतेस. अगदी सुंदर. फक्त पेनी सुंदर दिसत नाही, हो की नाही?”

ती ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिली. ग्रासिएलाच बोलली, “बाई, ती मुद्दाम नाही करत. सहाव्या भागापासून ती नीट जेवतच नाही. तो केकचा प्रसंग झाला ना, तेव्हापासून.”

“मग जेव की गं! सेटवर एवढं खायला असतं.”

शेवटी मीच उपाय काढला. कपड्यांच्या आत स्पंजचं पोट घालायचं. गालांसाठी मेकअपवाले बघतील. ज्युनीने विचारलं, “शेवटच्या भागापुरतंच ना?” मी म्हटलं, हो. ग्रासिएलाने माझे दोनदा आभार मानले. ही बाई फ्रेस्नोची नोकरी सोडून इथे एका खोलीत राहतेय, तिला माझ्याइतकं दुसरं कोण समजून घेणार?

१२ मार्च, बुधवार

काय योगायोग! रोंडाचा फोन आला. माझ्या आईच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. तेव्हा पेपरोनी भरलेले पाव घेऊन आली होती, दोन मोठे ट्रे, आणि कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांना वाढत होती. सवयच आहे तिला. आमच्याच शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना वाढते आता.

“मार्सी, मी रोंडा. कामात आहेस का गं? नंतर करू?”

“अगं बोल!”

“ब्रिनचा सोळावा वाढदिवस आहे, एकवीसला. तिला दुसरं काही नकोय. तुझ्या मालिकेचं शूटिंग बघायचंय म्हणते. तू माझ्या वर्गात होतीस हे कळल्यापासून डोकं खातेय. मी टाळत होते, पण वर्षभर लोकांची बाळं सांभाळून तिने विमानाचे पैसे साठवलेत.”

एकवीस! त्याच दिवशी शेवटच्या भागाचं शूटिंग. मी म्हटलं, “ये ना! पहिल्या रांगेत बसवते तुम्हाला.”

तिने वेळ विचारून घेतली. मग म्हणाली, “एकच आहे, मार्स. तिला माहीत नाहीये.”

“काय?”

“पेनी... पेनी कोण ते.”

मला खरंच वाटेना. “तू सांगितलं नाहीस? मी तुझ्या जागी असते तर गावभर सांगितलं असतं!”

“ती हसते गं तिला. सोफ्यावर लोळून हसते. मी शेजारीच असते. आठवड्यातून एकदाच आम्ही दोघी बरोबर बसून काही बघतो. तू सांगू नकोस एवढंच. शब्द दे.”

दिला शब्द. तिने शेवटच्या भागात काय आहे विचारलं. मी म्हटलं, ते आत्ताच सांगितलं तर गंमत काय राहिली?

किती साधी आहे ती अजून. स्वतःचा मोठेपणा मिरवायलाही लाजते.

१७ मार्च, सोमवार

कलाकारांबरोबर वाचन झालं. गाणं आलं तेव्हा टेबलाभोवती जो हशा झाला! ग्रेसन डोळे पुसत होता. मी त्याच्या कानात म्हटलं, खरी पेनी शुक्रवारी येतेय.

तो ताठ बसला. “खरी पेनी येतेय आणि मला हे आत्ता सांगतेस?”

“मुलीला घेऊन येतेय. मुलीला काही माहीत नाही.”

“मुलीला माहीत नाही!” त्याने माझा हात धरला. “मार्सी, हे सोनं आहे. सगळ्यांसमोर कळलं पाहिजे तिला. कॅमेऱ्यावर. तो चेहरा, त्या मुलीचा चेहरा!”

“मी शब्द दिलाय, ग्रेसन.”

“काय शब्द?”

“की मी सांगणार नाही.”

“मग तू नको सांगूस.”

याला म्हणतात वरच्या जागेवरचं डोकं. आमचं शूटिंग प्रेक्षकांसमोर होतं, मध्यंतरात त्यांना हसवायला आमच्याकडे रिको असतो, गोळ्या-चॉकलेटं फेकतो, विनोद करतो. रिको सांगेल. शूटिंग करायलाही अडचण नाही, प्रेक्षकांवर कॅमेरा फिरेल असं तिकिटामागे छापलेलंच असतं.

मी माझा शब्द पाळते. कायम पाळत आलेय.

१९ मार्च, बुधवार

तालीम. गाणं वाजतं तेव्हा पेनीने एकदा स्पीकरकडे बघायचं, मग केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबायचा, आणि मग तिचं ते हसू, पोट धरून, नाकातून घुर्र आवाज काढत. ज्युनी हसते, पण घुर्र काढत नाही. मी तिला करून दाखवलं. सगळ्या तंत्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. मला अजून जमतं!

ज्युनीने विचारलं, “ती खरंच अशी हसायची?”

“अगदी अशीच.”

“गाणं वाजलं तेव्हापण?”

“मी काय वर्गात होते त्या वेळी? मला ऑफिसात ड्यूटी असायची, आठव्या तासाला. स्पीकरवरच्या घोषणा मी वाचायचे.”

लेनी मागे उभा होता. मी बोलले ते ऐकून हातातली वही मिटून निघून गेला. सध्या त्याचं काहीतरी बिनसलंय. बायकोची तब्येत बरी नसेल.

२२ मार्च, शनिवार

काल रात्री लिहायचं त्राण नव्हतं. आज सावकाश लिहिते, कारण असा दिवस आयुष्यात क्वचित येतो.

रोंडाला मी ओळखलंच नाही. फाटकाशी एक वाळलेली, केस पिकलेली बाई उभी. खरं सांगायचं तर माझी जरा निराशाच झाली. ग्रेसनचीही. “ही?” तो म्हणाला. “हिच्याकडे बघून लोकांना कळणार कसं?” पण त्यावरही मीच तोड काढली. घरी शाळेचं जुनं, मुलांच्या फोटोंचं वार्षिक पुस्तक होतं, त्यातला रोंडाचा फोटो मागवून मोठ्या पडद्यावर लावायचं ठरवलं.

ब्रिन गोड आहे. तिथल्या दुकानात पेनीचा चेहरा छापलेला टी-शर्ट घेतला आणि लगेच स्वेटरवरच चढवला. मला मिठी मारून म्हणाली, “मार्सी मावशी, मी आजवरचे सगळे भाग पाठ केलेत. पेनीचं हसू पण येतं मला. करू?” आणि केलं. घुर्रसकट! मी रोंडाकडे बघितलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

दिवे लागले. पहिले तीन प्रसंग मस्त झाले. मग गाणं.

मी आत पडद्यावर बघत होते, एका कॅमेऱ्याला मी सांगूनच ठेवलं होतं, पहिल्या रांगेवर राहा म्हणून. पहिली ओळ वाजली तेव्हा रोंडाने मान वर केली. कुणी हाक मारली की माणूस करतो, तशी. दुसऱ्या ओळीला सगळं प्रेक्षागृह हसून फुटलं. ब्रिन तर गुडघ्यांवर डोकं ठेवून हसत होती, आणि हसता हसता आईच्या मांडीवर थापा मारत होती. रोंडा थेट समोर बघत होती. डोळ्याची पापणी हलत नव्हती. भारावली होती.

ज्युनीने पहिल्या वेळी सगळं बरोबर केलं. केक, हसू, घुर्रसुद्धा. दुसरा टेक घेतला तेव्हा मात्र काय झालं तिला कुणास ठाऊक. गाणं वाजलं, तिने केक उचलला, आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. मग केक खाली ठेवला. हसली नाही. नुसती उभी राहिली, हात बाजूला सोडून, त्या स्पंजच्या पोटात. हळूहळू प्रेक्षकही गप्प झाले. एवढ्या माणसांची शांतता म्हणजे विनोदी मालिकेचं मरण. दिग्दर्शकाने थांबवलं. मी जाऊन विचारलं, “काय झालं गं?” तर म्हणते, “ती बाई कोण आहे?”

“कुठली बाई?”

“तुम्हाला माहितीये कुठली.”

पंधरा वर्षांची पोर, आणि बोलणं बघा!

मग मध्यंतर. रिको माइक घेऊन खाली उतरला. “मित्रांनो, पेनी खरी आहे हे माहितीये का तुम्हाला? खरीखुरी पेनी! आणि ती आज आपल्यात बसलीय!”

लोक ओरडले. ब्रिन ताडकन उभी राहिली. मागे वळून, टाचा उंचावून, सगळ्या रांगा शोधायला लागली, कोण आहे, कोण आहे. आईचा दंड धरून हलवत होती, “आई, उठ ना, बघ ना कोण आहे!” आणि मग दिव्याचा झोत आला, तो त्या दोघींवर थांबला, मागच्या पडद्यावर तो फोटो आला, खाली नाव: रोंडा नोव्हिकी, इयत्ता अकरावी.

ब्रिनला कळायला किती वेळ लागला! आधी फोटोकडे बघून हसली, सवयीने. मग नाव वाचलं. मग आईकडे बघितलं. तो चेहरा... ग्रेसन म्हणत होता ते खरं होतं. पैसे मोजूनही तसा चेहरा कुठल्या नटीकडून मिळायचा नाही. तिने आईचा दंड सोडला आणि दोन्ही हात टी-शर्टवर ठेवले, पेनीच्या चेहऱ्यावर. आनंदात माणसाला हातांचं काय करावं ते सुचत नाही.

सगळे उभे राहून गाणं म्हणायला लागले. रिकोने रोंडाच्या तोंडापुढे माइक धरला. “एकदा ते हसू होऊन जाऊ दे!”

रोंडा म्हणाली, “मला घरी जायचंय.”

पूर्ण रात्रीतला सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. काय टायमिंग! लोकांना वाटलं लिहून दिलेलंच आहे.

शूटिंग संपल्यावर मी तिला शोधत गाड्या उभ्या करतात तिथे गेले. भाड्याची छोटी गाडी. ब्रिन आत बसली होती, काचा बंद, तोंड फिरवून. टी-शर्ट काढून तिने बाहेर डांबरावर टाकला होता. रोंडा तो घडी करत होती.

मी मिठी मारायला गेले, पण तिने घडी मध्ये धरली.

“तू शब्द दिला होतास.”

“मी कुठे सांगितलं? रिकोने सांगितलं. आणि बघ ना, लोकांचं किती प्रेम आहे तुझ्यावर!”

ती शांतपणे बोलत होती, ओरडली वगैरे नाही. “मार्स, त्या कॅसेटवर माझ्या आधी तुझा आवाज आहे. ‘म्हण गं, कुणी ऐकत नाहीये.’ पूर्ण शाळेला ऐकू गेलं ते. मी कधी कुणाला काही बोलले नाही. तुझ्या आईलाही नाही.”

“अगं, लहान होतो आपण.”

“हो. त्यानंतर मी बसमध्ये चढले की सगळी मुलं एका बाजूला कलायची. सगळी एकदम. बस कलतेय असं दाखवायला. ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंग धरून कलायचा. डगपण. दोन हिवाळे मी चालत गेले, तळ्यावरून वारा यायचा तो तुला माहितीये. तुला वाटलं मी बारीक व्हायला चालतेय. तू म्हणाली होतीस, छान चाललंय गं तुझं.”

मी थक्क झाले. हे मला माहीतच नव्हतं! सगळी बस कलते, ड्रायव्हरसकट! मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “रोंडा, हे मला आधी का नाही सांगितलंस?”

तिने हात सोडवून घेतले आणि गाडीत बसून गेली. टी-शर्टची घडी भिंतीच्या कठड्यावर ठेवून गेली. माझ्यासाठीच असणार.

घरी आल्या आल्या लिहून ठेवलं: बसचा सेट स्प्रिंगवर बांधता येईल का, विचारणे.

२४ मार्च, सोमवार

संकलन. ज्युनीचा पहिलाच टेक घेतला. दुसरा टेक संकलकाने दोनदा चालवून बघितला आणि म्हणाला, “हा घेऊ या का?” मी म्हटलं, “वेडा झालास का, यात विनोद कुठे आहे?”

शेवटी नावं सरकतात तिथे ब्रिनचा चेहरा आणि रोंडाचं वाक्य टाकलं. मालिका संपते ती ‘मला घरी जायचंय’वर. याहून गोड शेवट मला सुचला नसता.

लेनीने राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाला, “मला अजून थोडी वर्षं झोप हवीय.” बायकोचंच असणार काहीतरी.

१६ एप्रिल, बुधवार

काल भाग लागला. आजवरचे सगळ्यात जास्त प्रेक्षक! सकाळपासून फोन थांबत नाही. सगळीकडे पोरंपोरी डग-रे-डग म्हणतायत, स्पंजच्या उशा पोटाला बांधून. कुणीतरी रोंडाच्या वाक्याचे टी-शर्ट काढलेत. आमच्या जाहिरातवाल्यांनी लगेच स्वतःचे काढले. दोन रोंडाला पाठवायला सांगितले, एक तिला, एक ब्रिनला. नंतर कळलं, रोंडाचा पाच नंबर मोठ्या मापाचा गेला. ऑफिसातल्या पोरांनी मालिका बघून अंदाज केला. हसेल ती.

१४ मे, बुधवार

मिळाला! दुसरा सीझन मिळाला! बावीस भाग! ग्रेसनने शॅम्पेन पाठवली, सोबतच्या पत्रावर माझं नाव केट असं लिहिलेलं. मी रडले चक्क.

एकच कटू गोष्ट. ज्युनी नाही पुढे. ग्रेसन म्हणाला, “मुलगी आजारी दिसते, आजारी मुलीवर कोण हसेल?” ग्रासिएलाला मीच फोन केला, असलं काम मी दुसऱ्यावर ढकलत नाही. ती म्हणाली, ज्युनी दवाखान्यात दाखल आहे, नळीने अन्न देतायत, पण डॉक्टर म्हणतायत जुलैपर्यंत उभी राहील, तेवढं थांबाल का बाई. किती समजूतदारपणे सांगितलं मी! म्हटलं, “ग्रासिएला, या सुट्टीची तिला गरजच आहे. देवाने वेळेवर सोडवलं तिला.” मग मीच फोन ठेवला.

नवी पेनी शोधायची. सुट्टीनंतर पेनी शाळेत येते तीच वेगळ्या मुलीच्या रूपात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही! पहिलाच हशा तिथे. दुसरा हशा बसचा. सेटवाले म्हणतात, स्प्रिंगवर सहज होईल.

२९ मे, गुरुवार

सकाळपासून मुली बघतेय. एकीला गाता येतं तर हसू नाही, एकीला हसू येतं तर पोट नाही. कंटाळून गेले होते, तेवढ्यात फोन वाजला. इरीचा नंबर. उचलला, आणि क्षणभर वाटलं पंचाण्णव साल आहे आणि रोंडाच बोलतेय. तोच आवाज, किंचित घोगरा, वाक्य संपताना वर जाणारा.

“मी ब्रिन.”

“अगं, वाढदिवसाच्या मुली! कशी आहेस? टी-शर्ट मिळाले?”

“तुम्ही तो शेवटचा भाग काढून टाकू शकता का?”

“काढून म्हणजे?”

ती सरळ सांगायला लागली, बहुतेक पाठ करून आली होती. कँटीनमध्ये मुलं ताट पुढे करताना ते गाणं म्हणतात. आई वाढत राहते. एका मुलाने ताट मुद्दाम कलतं धरलं, सगळं सांडलं, आणि तो म्हणाला, मला सावरशील का. आईने ते पुसलं. त्यानंतर आई कामावर गेली नाही. आता घरातूनच बाहेर पडत नाही, पडदे लावून बसते. “आणि त्या दिवशी,” ब्रिन म्हणाली, “मीच सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले होते. आई सांगते, तुझी काही चूक नाही. पण ती आता माझ्याशेजारी बसत नाही टीव्ही बघायला. टीव्ही तिने खाली तळघरात ठेवून दिलाय. प्लीज. तुम्ही तिची मैत्रीण आहात ना?”

बिचारी. या वयात सगळं फार मोठं वाटतं. मी तिला समजावलं की एकदा लोकांच्या घरात गेलेली गोष्ट परत आणता येत नाही, आणि आणायची तरी कशाला? लोक प्रेमानेच म्हणतात ना गाणं? ती रडायला लागली. रडताना शेवटी तिच्या नाकातून तो आवाज आला. घुर्र. तोच, जसाच्या तसा, आईचा!

मी खुर्चीवरून उठलेच. “ब्रिन,” मी म्हटलं, “तुझं वजन किती आहे गं आत्ता?”

“काय?”

“विमानाचं तिकीट आम्ही काढू. राहण्याची सोयही. आईलाही घेऊन ये, तिलाही हवापालट होईल. नुसतं एकदा कॅमेऱ्यापुढे उभी राहा, गाणं म्हण, आत्ता हसतेस तशी...”

तिने फोन ठेवला. सोळाव्या वर्षी लाजतात मुली. निवड करणाऱ्या माणसाला तिचा नंबर दिलाय आणि सांगितलंय, उद्या सकाळी लवकर लाव, ती शाळेत जायच्या आधी. आईने उचलला तर माझं नाव सांग.